शिर्केमास्तर आणि डावा कोपरा

शिर्केमास्तरांनी आयुष्यात कुठल्याही शाळेत शिकवलं नाही. बडोद्याजवळ नंदेसरीला आमचा रंगद्रव्यांचा कारखाना आहे, तिथे ते डिस्पॅच खात्यात होते. माल भरलेल्या पिंपावर कोणतं लेबल लागायचं, कुठल्या रसायनाला कवटीचं चित्र आणि कुठल्याला ज्वाळेचं, हे त्यांच्या टेबलावर ठरायचं. तरी गेटवरच्या रखवालदारापासून मॅनेजर पटेलसाहेबांपर्यंत सगळे त्यांना मास्तर म्हणत, कारण कारखान्यात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला हात लावायचं धाडस फक्त त्यांनी केलं होतं. बाकीची मंडळी त्या खोलीत चपला काढून जायची आणि लांबूनच बघून परत यायची. मास्तर रविवारी शहरातल्या क्लासला जाऊन शिकून आले, आणि मग एकेकाला धरून त्यांनी अख्ख्या ऑफिसला शिकवलं. मी पुढे बऱ्याच वर्षांनी लॅबमध्ये लागले, तेव्हा मलाही सोडलं नाही. मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकून आले होते, पण हे सांगायला त्यांनी मला उसंतच दिली नाही.

"काय येतंय ते विसर," ते म्हणाले. "आणि आधी उभी राहा."

मशीन पुरतं सुरू होईपर्यंत खुर्चीत बसायचं नाही, असा त्यांचा नियम होता. त्यांचे पणजोबा संस्थानच्या पागेत घोडेस्वार होते. खोगीर नीट आवळल्याशिवाय स्वार बसत नाही, तसं पडद्यावर सगळी चित्रं आल्याशिवाय आपणही बसायचं नाही. मास्तर स्वतः जन्मात घोड्यावर बसले नव्हते. लग्नाच्या वरातीत घोडा बुजला म्हणून ते रिक्षातून मांडवात गेले होते, ही बातमी खुद्द शिर्केकाकूंनी मला दिली होती. पण पणजोबांचे झाडून सगळे नियम त्यांनी कॉम्प्युटरला लावले होते. दिसायलाही ते स्वारच वाटत. ताठ पाठ, इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि कुळकुळीत काळ्या मिशा. मिशांचा रंग आपल्या कारखान्यातला नाही, असं ते नव्या माणसाला शपथेवर सांगत.

त्यांची शिकवायची रीत म्हणजे निव्वळ कवायत होती. "खूणो पकडो!" असा हुकूम सुटला की विद्यार्थ्याने डावा खालचा कोपरा धरायचा, कारण स्टार्टचं बटण तिथे होतं. तिथून वर चार बोटं. तिथून उजवीकडे एक घर. तिथे टिचकी. काय लिहिलंय ते वाचायचं नाही, वाचलं की माणूस विचार करतो आणि विचार केला की चुकतो.

"घरात माठ कुठे आहे हे तू वाचून बघतेस का?" ते मला विचारायचे. "हात आपोआप जातो ना? मग. अक्कल लावायची नाही, जागा लक्षात ठेवायची."

आता हसू येतं, पण या रीतीने त्यांनी सातवी नापास हमालाकडूनही बिनचूक गेटपास टाइप करून घेतला होता. मी तेव्हा मनातल्या मनात नाक मुरडलं. महिनाभराने माझाही हात आपोआप डाव्या कोपऱ्यात जायला लागला.

मास्तरांच्यात एकच मोठी खोड होती. ते कुणाला काही विचारत नसत. म्हणजे मरतील, पण विचारणार नाहीत. स्टोअरच्या रमेशभाईंच्या मुलीचं लग्न वाघोडियाला होतं, तेव्हा कारखान्याची बस घेऊन आम्ही सगळे निघालो. मास्तर ड्रायव्हरच्या शेजारी उभे राहून रस्ता दाखवत होते. लग्नाची वाडी, त्यांचं मंगलकार्यालय, काही सापडेना. वाटेत पानाचे गल्ले, म्हणजे टपऱ्या, लागले, पेट्रोलपंप लागला, दोन पोलीससुद्धा भेटले. मास्तरांनी कुणापुढेही बस थांबवू दिली नाही. दीड तासाने आम्ही पोचलो तेव्हा वधूवर जेवून उठले होते आणि आमच्या वाट्याला दाळभात तेवढा उरला होता. पटेलसाहेब चिडले. मास्तर शांतपणे म्हणाले, "साहेब, रस्ता तर मला माहीतच होता. मंडळींनी वाघोडिया कुठे नीट पाहिलंय? म्हटलं, आलोच आहोत तर दाखवून आणावं."

आणि अभिमान त्यांना आपल्या गुजरातीचा होता. "तीन पिढ्या बडोद्यात गेल्या आमच्या. मी बोलायला लागलो की कोणी मला मराठी म्हणणार नाही," असं ते म्हणत. आणि हे म्हणतानाच समोरचा विचारी, "मास्तर, तमे मराठी ने?" त्यांच्या गुजरातीत शब्द सगळे गुजरातीच असायचे, पण वाक्य घरून मराठीच निघालेलं असायचं. एरवी त्याने काही बिघडत नव्हतं. त्या एका शनिवारी मात्र बिघडलं.

झालं असं, की कॉम्प्युटरची जुनी सिस्टीम आता बंद होणार, सगळ्या मशीनवर नवी टाकावी लागणार, असं वरून पत्र आलं. पटेलसाहेबांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की रविवारी काम होईल, सोमवारपासून नवं चालू. लोकांचं धाबं दणाणलं. साहेबांनी हात वर केला. "चिंता न करो. पछीना शनिवारे मास्तर बधाने शिखवाडशे." म्हणजे त्याच्या पुढच्या शनिवारी मास्तर सगळ्यांना शिकवणार.

सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं. नवी सिस्टीम कशाशी खातात हे मास्तरांनाही माहीत नव्हतं. ते म्हणाले, "बराबर."

काम करायला शहरातून हितेशभाई आले होते. चाळिशीचे, दुखऱ्या कंबरेला पट्टा बांधलेले, अतिशय सज्जन गृहस्थ. शनिवारी संध्याकाळी ते प्रत्येक टेबलाशी जाऊन, मशीनवरचं काय सांभाळायचं आणि काय नको, ते कागदावर लिहून घेत होते. मास्तरांशी बोलताना मी शेजारीच माझ्या डब्याची पिशवी भरत होते. मास्तर म्हणाले, "मारी बधी फाइलो काढी मूकजो."

हितेशभाई थबकले. "बधी?"

"बधेबधी. एकही राहता कामा नये... एटले के, एकेय रहेवी न जोईए."

"पाकुं ने, मास्तर?"

"पाकुं!" मास्तर म्हणाले आणि बससाठी निघाले. मीही ऐकलं, आणि मराठी कानांनीच ऐकलं, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

सोमवारी सकाळी मास्तर मशीनपुढे उभे राहिले. ते बसायच्या तयारीला लागेपर्यंत नवी सिस्टीम सुरू होऊन वाट बघत होती. बसले. हात आपोआप डाव्या कोपऱ्यात गेला, टिचकी मारली. पडद्यावर मोठा चौकोन उघडला आणि त्यात सूर्य, ढग आणि आकडे दिसू लागले. मास्तरांनी तो बंद केला. पुन्हा कोपरा धरला. पुन्हा सूर्य आणि ढग. स्टार्टचं बटण उचलून कोणीतरी तळाशी मधोमध नेऊन ठेवलं होतं आणि त्याच्या जागी बडोद्याचं हवामान आणून बसवलं होतं.

"शुं थयुं, मास्तर?" पलीकडून रमेशभाईंनी विचारलं.

"काही नाही. हवामान बघतोय," मास्तर म्हणाले. "चौतीस डिग्री. ट्रक निघायचेत ना."

ते मधलं बटण त्यांना तासाभराने, डोळ्यांनी शोधून सापडलं. पण तोवर त्यांच्या लक्षात आलं होतं की बटणापेक्षा मोठं काहीतरी गेलंय. त्यांच्या पडद्यावर रांगेत उभी असलेली लेबलांची फलटण नाहीशी झाली होती. चौदा रसायनांची चौदा लेबलं, इतक्या वर्षांत एकेक करून बनवलेली. आणि गेटवर दोन ट्रक उभे होते. लेबल नसलेलं पिंप कारखान्याबाहेर जात नाही.

हितेशभाईंना फोन गेला. ते बिचारे कंबर धरत धावत आले. पटेलसाहेबांच्या केबिनमध्ये खटला उभा राहिला.

"फाइलो क्यां?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, मास्तरे ज कह्युं हतुं, काढी मूको!"

"मी काढून ठेवायला सांगितलं होतं!" मास्तर मराठीत ओरडले. मास्तर सोडले तर ऑफिसात मराठी कळणारी मी एकटीच, म्हणून मला बोलावलं गेलं. मी दोघांचं ऐकलं आणि घोळ कुठे झाला ते मला कळलं. मास्तर मनात मराठीत म्हणाले होते, माझ्या सगळ्या फाइली काढून ठेवा, म्हणजे बाजूला जपून ठेवा. ठेवण्याला गुजरातीत मूकवुं म्हणतात, म्हणून त्यांनी शब्दाला शब्द लावून 'काढी मूकजो' म्हटलं. आणि गुजरातीत काढी मूकवुं म्हणजे हाकलून देणं. हितेशभाईंनी सगळ्या ऑफिसच्या फाइली सांभाळल्या आणि मास्तरांच्या तेवढ्या, मास्तरांच्याच हुकुमाने, एकही मागे न ठेवता हाकलून दिल्या.

मी हे समजावून सांगितलं. मग पटेलसाहेबांना हसू फुटलं, मग रमेशभाईंना, आणि शेवटी हितेशभाईही कंबर सांभाळत हसू लागले. मीही हसले. मला त्याची अजून लाज वाटते, कारण मास्तर हसत नव्हते. ते आपल्या बोटांकडे बघत उभे होते.

फाइली मिळाल्या त्या रमेशभाईंमुळे. ते एकदम म्हणाले, "अरे, एक तो मारी पासे छे!" मास्तरांच्या कवायतीत पहिला धडा असा असे, की त्यांच्या मशीनवरच्या एका लेबलाची नक्कल उचलून आपल्या मशीनवर आणायची. ते लेबल पुसायचं कोणाच्या मनात आलं नव्हतं. रमेशभाईंकडे ॲसिडचं निघालं, माझ्याकडे कॉस्टिकचं, गेटवर सोडियम सल्फाइडचं, खुद्द साहेबांच्या मशीनवर लाल रंगाचं. तीन नव्याने बनवावी लागणार होती, पण चौदापैकी अकरा लेबलं दुपारपर्यंत जमली. ती उचलून मास्तरांच्या मशीनवर ठेवायची तेवढी बाकी होती. मास्तरांनी माउसचं उजवं बटण दाबलं. पूर्वी तिथे शब्दांची यादी यायची. आता वर नुसती बारीक चित्रं आली, त्यात एक कातर होती.

"ही न्हाव्याची पेटी कोणी ठेवली इथे?" मास्तर पुटपुटले. मग आवाज चढवून म्हणाले, "वैशाली, तू कर ते. मला जरा हवामान बघायचंय."

त्या आठवड्यात मास्तरांनी हवामान इतक्या वेळा पाहिलं की बाहेरची माणसं त्यांना विचारायला येऊ लागली. मास्तर, कपडे वाळत घालू का? मास्तर, संध्याकाळी वारा आहे का? मास्तर गंभीरपणे सांगत आणि सांगितलेलं खरं ठरे. पण शनिवार जवळ येत चालला होता आणि त्यांचा डबा रोज अर्धा परत जात होता.

गुरुवारी सकाळी बसमध्ये ते माझ्या शेजारी येऊन बसले. एरवी ते ड्रायव्हरच्या मागची सीट सोडत नसत. छाणीचा थांबा गेला, तरी बोलले नाहीत. मग म्हणाले, "लॅबमधल्या मशीनवर पण कातर आलीय का गं?"

"आलीय."

"हं. मग तुम्ही लोक काय करता तिचं?"

हे म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवणं होतं. मला दया आली आणि थोडा रागही आला. "मास्तर, तुम्हाला ते येत नाही का?" मी सरळ विचारलं.

ते खिडकीबाहेर बघू लागले. दशरथ गाव गेलं. रणोलीचं फाटक जवळ आलं तेव्हा ते म्हणाले, "नाही येत."

मला त्यांच्या तोंडून हे ऐकायची सवय नव्हती.

"परवा माझं पितळ उघडं पडणार," ते म्हणाले. "हसतील, त्याचं काही नाही गं. सोमवारी हसलेच. पण त्या कारखान्यात मला दुसरं काही नावच नाही. मास्तर नाही, तर मी कोण आता? लेबलवाला."

मला फार वाईट वाटलं, आणि मी घाईघाईने माझ्याजवळचा तोडगा सांगून टाकला. ते बटण पुन्हा डाव्या कोपऱ्यात नेता येतं. सेटिंगमध्ये जायचं, दोन टिचक्या. मी सोमवारीच शोधून काढलं होतं, पण मास्तरांना शिकवायचं कोणी म्हणून गप्प बसले होते.

"जागच्या जागी?" मास्तरांचा चेहरा एकदम उजळला.

"जागच्या जागी."

कारखान्याच्या गेटपर्यंत ते खुशीत होते, मिशांवर दोनदा हात फिरवला. उतरताना मात्र पायरीवरच थांबले. मागच्या लोकांचा खोळंबा झाला. "नको," ते म्हणाले. "बाकीच्यांचं मध्येच राहणार ना? घरी पोरांच्या मशीनवर मध्ये, बँकेत गेले तर तिथे मध्ये. मी माझ्यापुरतं डावीकडे ओढून घेतलं तर माझं भागेल. त्यांना काय शिकवू? तू मला मधलंच शिकव."

तेव्हा मी शिकवलं. गुरुवार आणि शुक्रवार, जेवणाच्या सुट्टीत, लॅबचं दार लोटून. "उभे राहा, मास्तर, मशीन चालू होतंय," मी पहिल्याच दिवशी सूड उगवला, आणि ते खरोखर उभे राहिले. विद्यार्थी म्हणून ते भयंकर होते. हात डावीकडेच धावे, त्याला ते डाव्या हाताने चापट मारत. चित्रं लक्षात राहीनात, म्हणून त्यांनी वहीत ती काढून घेतली आणि पुढे नावं लिहिली: न्हावी, दोन जुळे कागद, कचऱ्याची टोपली. शुक्रवारी सुट्टी संपता संपता त्यांनी एक लेबल स्वतः उचलून स्वतः ठेवलं, खुर्ची मागे सारली आणि मला चक्क सलाम ठोकला. मी लॅबच्या बेसिनपाशी जाऊन उगाच हात धुतले, कारण माझे डोळे भरून आले होते.

शनिवारी मीटिंग हॉलमध्ये सगळे जमले. पुढच्या रांगेत पटेलसाहेब. मास्तर उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले, "मला हे येत नव्हतं. वैशालीबेनने शिकवलं."

हॉलमधल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. माझे कान तापले.

"माझ्या चुका सांगतो. पहिली चूक. सोमवारी खूणो पकडला. शुं मळ्युं?" त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "चौतीस डिग्री."

हशा पिकला. तो ओसरल्यावर मागून कोणीतरी बारीक आवाजात म्हणालं, "मास्तर, मने पण." मग रमेशभाई, "मने पण." मग गेटवाले. सगळ्या ऑफिसला आठवडाभर डाव्या कोपऱ्यात हवामान मिळत होतं, आणि प्रत्येकजण ते मूग गिळून बघत होता, कारण इतर सगळ्यांना येतंय असं प्रत्येकाला वाटत होतं. शेवटी पटेलसाहेबांनी टाय सैल केला आणि आज सकाळची स्वतःची फजिती कबूल केली. "आजे सवारे पण," ते म्हणाले.

मास्तरांनी त्या दिवशी अकरा चुका सांगितल्या आणि अकराच्या अकरा फळ्यावर लिहिल्या. 'काढी मूकजो' त्यांनी स्वतःच सांगितली, अभिनय करून. त्यांचा इतका चांगला क्लास मी आधी पाहिला नव्हता.

पुढल्या वर्षी ते निवृत्त झाले. प्रतापनगरच्या बाजूला त्यांचं घर, माझं कारेलीबागेत. भेटायचं भेटायचं म्हणत राहून गेलं.

परवा आईला मोतीबिंदू दाखवायला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेले होते. दुपारची वेळ, गर्दी नव्हती. दारातच आता नंबर देणारं मशीन बसवलंय. पडद्यावर बोट लावायचं, भाषा निवडायची, मोबाइल नंबर टाकायचा, मग खालून चिठ्ठी येते. मशीनपुढे मास्तर उभे होते. जरा वाळले होते, पाठ तशीच ताठ. त्यांनी भराभर बोट लावलं, आलेली चिठ्ठी खिशात घातली आणि बाकाकडे निघाले. मी आईला बसवून हाक मारणार, एवढ्यात ते थबकले.

मशीनपुढे आता एक वयस्क गृहस्थ येऊन उभे होते, मागे त्यांची बायको. गृहस्थांनी हात पाठीशी बांधले होते आणि ते पडद्याकडे नुसते बघत होते.

"कोईने पूछो ने," बायको हळूच म्हणाली.

"मने खबर छे," गृहस्थ म्हणाले, आणि सगळं माहीत असल्यासारखे तसेच उभे राहिले.

मास्तर मागे फिरले. गृहस्थांच्या शेजारी जाऊन त्यांनी काउंटरवरच्या बाईंना, नंबर कसा काढायचा ते आपल्याला मुळीच कळत नसल्यासारखं, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "बेन, आमांथी नंबर केवी रीते नीकळे? मने तो कंई खबर नथी पडती."

बाई उठून आल्या आणि सावकाश सांगू लागल्या. मास्तर दर पायरीला "एम? पछी?" करत पुढचं विचारत होते, एकदा मुद्दाम चुकलेही. गृहस्थ तिरप्या नजरेने सगळं बघत होते. "पहेलां तमे काढो, वडील," मास्तर त्यांना पुढे करत म्हणाले, "मारे उतावळ नथी." गृहस्थांनी पाठीमागचा हात सोडवला आणि पडद्यावर बोट ठेवलं.

भिंतीवर सदतीस नंबर लागला. नर्सने दारातून दोनदा पुकारलं, कोणी उठलं नाही, मग अडतीस लागला. मास्तरांचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांच्या खिशातून चिठ्ठी अर्धी बाहेर आली होती, आणि तिच्यावरचा सदतीसचा आकडा मला माझ्या जागेवरून स्वच्छ दिसत होता.